साइन की कोसाइन? हा प्रश्न एकट्या पोराचा नाही

अकरावी सायन्सला मूल असलेल्या घरांत रात्री दहानंतर एक ठरलेला कार्यक्रम असतो. फिजिक्सच्या गणिताचा फोटो काढायचा आणि कुणाला तरी पाठवायचा. मामाला, इंजिनिअर शेजाऱ्याला, नाहीतर सरळ एखाद्या अ‍ॅपला. अ‍ॅप क्षणात सगळ्या पायऱ्यांसकट उत्तर देतं. मूल ते वहीत उतरवतं. गृहपाठ झाला, आईवडील निश्चिंत.

यात पोरांना आळशी ठरवणाऱ्या पोस्टी भरपूर वाचल्या. मला ते पटत नाही.

परवा भाचीचा असाच फोटो आला. 30 अंशांच्या गुळगुळीत उतारावर 5 किलोचा ठोकळा. उताराच्या दिशेने त्यावर बल किती? तिने लिहिलं होतं, 50 गुणिले कोसाइन 30. मी विचारलं, कोसाइन का गं? म्हणाली, "मामा, कोन उताराच्या पायथ्याशी आहे. उतार त्याला चिकटलेला आहे. चिकटलेली बाजू म्हणजे कोसाइन." बघा, पोरीने विचार केला होता. दहावीत जे घोकलं तेच लावलं होतं. फक्त त्रिकोण दुसराच धरला. बलांच्या त्रिकोणात कर्ण म्हणजे वजनाचा सरळ खाली जाणारा बाण, आणि 30 अंशांचा कोन येतो तो बाण आणि उताराला लंब असलेली रेषा यांच्यामध्ये. त्यामुळे उताराच्या दिशेला साइन: 25 न्यूटन. उताराला लंब दिशेला कोसाइन: सुमारे 43 न्यूटन.

हे सांगूनही तिला पटेना. मग म्हटलं, फळी आडवी कर. कोन शून्य. ठोकळा घसरेल का? नाही. म्हणजे घसरवणारं बल शून्य यायला हवं. शून्याची साइन किती? शून्य. कोसाइन? एक. "अरेच्चा, मग साइनच!" एवढ्याला पाच मिनिटं लागली. हा आडव्या फळीचा ताळा तिला आयुष्यभर पुरेल. मोबाइलचा कॅल्क्युलेटर रेडियनवर असेल तर 30 ची साइन उणे 0.988 दाखवतो, म्हणजे ठोकळा आपोआप उतार चढायला लागतो! तेव्हा असा ताळा घ्यायची सवयच पोराला थांबवते. उतरवलेलं उत्तर नाही थांबवत.

आता मुद्दा असा, की ही पाच मिनिटं कॉलेजात का मिळत नाहीत?

दहावीला त्रिकोणमिती भूमितीच्या पुस्तकात एक प्रकरण म्हणून येते. झाडाची उंची, दीपगृहावरून जहाज, आणि कोन सगळे काटकोनाच्या आतले. अकरावीच्या फिजिक्सचं दुसरंच प्रकरण सदिशांचं, त्यातच पुढे कलनाची तोंडओळखही. गणिताच्या पुस्तकात विकलन शेवटच्या प्रकरणात आहे. म्हणजे हत्यार हातात यायच्या आधीच काम सुरू. घर्षणाने केलेलं कार्य काढताना 180 अंशांची कोसाइन उणे एक घ्यायची असते; दहावीच्या काटकोन त्रिकोणात हा कोन बसणारच नाही.

आणि ज्यांनी गणित सोडून बायोलॉजी घेतली त्यांचं काय? आपल्या बोर्डात ती मुभा आहे, ठीक. पण नीटच्या 720 पैकी 180 गुण फिजिक्सचे असतात. दहावीनंतर गणिताचा वर्गात एकही तास न झालेल्या मुलाने प्रक्षेपित वस्तूचा पल्ला काढायचा. डॉक्टर व्हायचं स्वप्न आणि वाटेत हा खड्डा. मग क्लासवाले तो भरून देतात, फी घेऊन. ज्याच्याकडे फी नाही, त्याने मराठी माध्यमातून येऊन 'इन्क्लाइन्ड प्लेन' म्हणजे उतार हेसुद्धा आपलं आपण शोधायचं.

गंमत म्हणजे हा 'साइन' मुळात आपलाच. इ.स. 499 च्या आर्यभटीयात अर्धज्यांची कोष्टकं आहेत, 225 कलांच्या अंतराने 24. ज्या-जीवा हा शब्द अरबीत 'जीबा' झाला, तिथे लिपीच्या घोटाळ्यात 'जैब' वाचला गेला, त्याचं लॅटिन भाषांतर 'सायनस', आणि तो फिरून आपल्याकडे साइन म्हणून आला. व्यासपीठावरून आर्यभटाचा जयजयकार करणारे आपण त्याच्या ज्येसाठी अकरावीच्या पोरांना चार तास देत नाही.

मागणी फार मोठी नाही. फिजिक्स सुरू करण्याआधी पहिले दोन आठवडे सगळ्यांना, बायोलॉजीवाल्यांनाही, फक्त त्रिकोणमिती आणि सदिश. दोरी, फळी आणि कोनमापक घेऊन. दुसरं, आठवड्याला एक शंका-तास, वेळापत्रकात छापलेला आणि शिक्षकाच्या कार्यभारात मोजलेला. आज शंका सोडवणं हा सरांचा उपकार आहे. सर चांगले असले तर होतो, नाहीतर नाही. एका वर्गात शंभरच्या आसपास पोरं कोंबल्यावर सरांना तरी दोष किती देणार? आणि जिथे 'इंटिग्रेटेड'च्या नावाखाली प्रवेश कॉलेजात आणि शिकवणं क्लासमध्ये असा व्यवहार चालतो, तिथे तर शंका विचारायला वर्गच उरत नाही.

अ‍ॅप बंद करा असं मी म्हणणार नाही. आडगावातल्या पोराला रात्री दहाला दुसरं कोण आहे? पण त्याला उत्तर मागू नका. आपली चुकलेली पायरी दाखवून 'माझा त्रिकोण कुठे चुकला' असं विचारायला शिकवा. फरक पडतो.

प्रवेश घ्यायला जाणाऱ्या पालकांनो, इमारत, एसी आणि टॉपरांचे फ्लेक्स बघून झाले की ऑफिसात एवढं विचारा: फिजिक्सचा शंका-तास कोणत्या वारी, किती वाजता, आणि कोण घेतं? काय उत्तर मिळतं ते कॉमेंटमध्ये लिहा. कॉलेजचं नाव नको, फक्त तालुका टाका.