जहाजाआधींच्या तीन रात्री

पूर्वीं विलायतेहून आगबोटीनें परतणाऱ्या प्रवाशास निद्रेची एक तक्रार ठाऊक नव्हती. बोट पूर्वेकडे सरके तसतसें तिच्यावरील घड्याळ थोडें थोडें पुढें केलें जाई, आणि मुंबईच्या धक्क्यास लागेपर्यंत माणसाचें शरीरही नव्या वेळेस रुळलेलें असे. आज अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून निघालेलें विमान १५-१६ तासांत मुंबईस उतरतें. माणूस येऊन पोंचतो. त्याची झोंप मात्र मागाहून येते. ह्या अवस्थेस जेट लॅग म्हणतात, आणि हा शब्द आतां आपल्या माजघरांतही परिचयाचा झाला आहे.

आमच्या चामोर्शीहून नागपूर मोटारीनें ४-५ तास, व तेथून मुंबई आगगाडीनें एक रात्र. तरीही ज्यांचीं मुलें न्यू जर्सीकडे स्थायिक झालीं आहेत अशीं घरें येथेंही आहेत. २०२१ च्या सप्टेंबरांत मुंबईहून गोव्याकडे सहलीचें मोठें जहाज जाऊं लागल्यापासून अशा घरांत एक नवा बेत निघूं लागला आहे. डिसेंबरच्या सुटींत मुलें-नातवंडें मुंबईस उतरावीं, आजी-आजोबा व काका-काकूंनीं चामोर्शीहून जावें, आणि सर्वांनीं मिळून कांहीं दिवस समुद्रावर काढावे. बेत उत्तम आहे. घरांतील स्त्रियांस तेवढे दिवस चुलीपासून सुटका मिळते. आणि ऐंशीच्या घरांतील आजोबांस सर्व नातवंडें पुन्हा एकत्र केव्हां दिसतील हें कोणी सांगावें? परंतु असे बेत बिघडतात ते जहाजावर नव्हे, तर त्याच्या आधींच्या दोन-तीन दिवसांत. गाडी चुकली तर मागून दुसरी येते. जहाज चुकलें तर सारी सहलच बुडते.

प्रथम वेळेचें गणित मांडूं. हिवाळ्यांत न्यू जर्सीचें घड्याळ आपल्यापेक्षां साडेदहा तास मागें असतें. मुंबईंत दुपारचे ३ वाजतात तेव्हां तेथें पहाटेचे साडेचार, म्हणजे गाढ निद्रेची वेळ. उलट आपल्याकडे रात्रींचे २ वाजतात तेव्हां तेथें आदल्या दिवशींची दुपारची साडेतीनाची वेळ. जहाज बहुधा सायंकाळीं सुटतें व त्यावर चढण्याची गर्दी दुपारीं असते. अर्थात् ज्या घटकेस रांगेंत उभें राहावयाचें, सामान सांभाळावयाचें, कागद दाखवावयाचे, तीच ह्या पाहुण्यांची सर्वांत जड घटका होय. आदल्या रात्रीं विमानांतून उतरून दुसऱ्या दिवशीं जहाज गांठण्याचा बेत आम्हांस म्हणूनच मान्य नाहीं. विमानास विलंब झाला तर काय, हा प्रश्न वेगळाच.

आपल्या मेंदूंत, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतू जेथें एकमेकांस छेदतात त्याच्या किंचित् वर, शरीराचें मुख्य घड्याळ असतें. पेशींतील हें घड्याळ कसें चालतें ह्याचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग ह्या तिघां शास्त्रज्ञांस २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. ह्या घड्याळास किल्ली देणारी मुख्य वस्तु म्हणजे प्रकाश. तें दिवसाकाठीं सुमारें एखादा तासच सरकतें; म्हणून तीन रात्रींत साडेदहा तासांचें अंतर तुटावयाचें नाहीं. तेवढ्यांत साधावयाचें तें इतकेंच, कीं दिवसा माणूस उभा राहावा व रात्रीं चार-पांच तास तरी सलग निजावा. एवढें साधलें तरी पुष्कळ झालें.

आतां खरा नाजूक प्रश्न. आजी म्हणते, "दोन वर्षांनीं पोरें येतात, आणि आम्ही विमानतळावर नको जाऊं?" आमचें नम्र मत असें, कीं जाऊं नये. घरांतील एखाद्या धडधाकट काकानें आधीं जाऊन पाहुण्यांस उतरवून घ्यावें. त्यांची पहिली रात्र व पहिला दिवस कोणाच्याही भेटीवांचून जाऊं द्यावा. थकलेलें मूल आजीच्या मांडीवर बसून रडूं लागलें, किंवा सून बोलतां बोलतां पेंगूं लागली, कीं दोन्हीं बाजूंस मनाला लागतें. आणि दोष तर कोणाचाच नसतो.

शिवाय ह्यांत एक सुंदर योग आहे. अमेरिकेहून आलेला माणूस पहिले कांहीं दिवस पहाटे ३-४ लाच टक्क जागा होतो. आपल्याकडील वडील मंडळीही पहाटेच उठतात. विदर्भ एक्सप्रेस सायंकाळीं नागपूर सोडून सकाळीं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर पोंचते. तेव्हां दुसऱ्या दिवशींच्या सकाळीं आजी-आजोबा त्या गाडीनें यावे, आणि आधींच जाग्या झालेल्या नातवंडांनीं त्यांस उतरवून घेण्यास स्थानकावर जावें. मध्यरात्रींच्या विमानतळापेक्षां ही भेट शतपटीनें गोड होईल. चहा, गप्पा, कौतुक, काय तें सर्व पुढेंही सकाळींच उरकावें. चामोर्शीकरांस मात्र मुंबईची सकाळ जरा उशिराची वाटेल. येथल्यापेक्षां तेथें सूर्य सुमारें अर्धा तास मागून उगवतो. ह्याच फरकापायीं मुंबईनें १९५५ पर्यंत आपली निराळी वेळ राखिली होती.

बिऱ्हाड फोर्टाच्या भागांत करावें. तेथून स्थानक जवळ व बॅलार्ड पिअरचा धक्काही जवळ. १९२८ सालीं सुरू झालेली फ्रंटियर मेल विलायती बोटींच्या हंगामांत ह्याच बॅलार्ड पिअरहून सुटत असे. येथील जहाजप्रवाशांचें नवें टर्मिनल २०२५ सालीं खुलें झालें. बोरिवलीच्या आत्याबाईंस वाईट वाटेल, हें आम्ही जाणून आहोंत. त्यांस सकाळच्या न्याहारीस बिऱ्हाडींच बोलवावें. परंतु तीन दिवसांत चार घरचीं जेवणें पाहुण्यांच्या माथीं मारूं नयेत. आपल्याकडे आल्यागेल्यास "जेवलास का?" असें पुसण्याची रीत आहे, ह्या पाहुण्यांस आधीं "झोंपलास का?" असें पुसावें.

दिनक्रम साधा असावा. सकाळीं उघड्यावर फिरणें, मग एकच प्रेक्षणीय स्थळ. वस्तुसंग्रहालय पुरे, घारापुरी परतीच्या वेळेस ठेवावी. दुपारीं फार तर अर्धा तास पडावें, तेंही गजर लावून; कारण पडदे ओढून निजलेला माणूस रात्रीं ९ ला उठतो व सर्वांस जागवितो. चहा-कॉफी दुपारनंतर बंद. रात्रीं वरण-भात व लवकर अंथरूण. मध्यरात्रीं मुलें उठलीं तर रागावूं नये. उशाशीं राजगिऱ्याचा लाडू व पाणी ठेवावें, दिवा मंद असावा, आणि मोबाईल मात्र हातीं देऊं नये.

औषधांविषयीं दोन शब्द. मेलाटोनिनच्या गोळ्या कित्येकजण बरोबर आणतात. त्या वैद्यकीय सल्ल्यावांचून दुसऱ्यास, विशेषतः वृद्धांस, देऊं नयेत. मधुमेहाचें इन्सुलिन घेणाऱ्यानें नव्या घड्याळाप्रमाणें मात्रा कशी बदलावी हें निघण्यापूर्वींच डॉक्टरांकडून लिहून घ्यावें. बोट लागूं नये म्हणून घ्यावयाच्या पुष्कळ गोळ्यांनीं गुंगी येते, हेंही ध्यानांत असावें.

जहाजावर खोली घेतांना खिडकी नसलेली आंतली खोली स्वस्त पडते. पण तींत सकाळ झाल्याचें कळतच नाहीं. ती घेतलीच तर उजाडतांच सर्वांनीं वर डेकवर यावें. पारपत्रें, मुलांचीं ओसीआय कार्डें व औषधें हातांतल्या पिशवींत असावीं, आणि चढावयाच्या दिवशीं सामानाची बांधाबांध सकाळींच व्हावी. दुपारच्या जड घटकेस फक्त चालणें उरावें.

सहल आटोपून मंडळी चामोर्शीस येतील तेव्हां शरीराचें घड्याळ बरेंच मार्गावर आलेलें असेल. तेव्हां सर्वांनीं खुशाल मार्कंड्यास जावें, उत्तरवाहिनी वैनगंगेच्या घाटावर बसावें, आणि आजोबांस पाहिजे तितका वेळ गोष्टी सांगूं द्याव्या. ऐकणारीं जागीं असतील.