गोळीच्या जोडीला संवाद हवा

विद्यार्थी मित्रहो, वर्गातला एखादा मित्र ‘कानात कोणीतरी बोलते’ असे सांगू लागला, साऱ्यांवर संशय घेऊ लागला, तर आपण चटकन म्हणतो, ‘वेडा झाला!’ काही घरांत अंगारे-धुपारे सुरू होतात आणि उपचारांचे मोलाचे दिवस वाया जातात. वास्तविक हा आजार आहे. मानसोपचारतज्ज्ञांच्या औषधांनी असे भास पुष्कळदा ओसरतात.

पण तेवढ्याने भागते काय? ‘मलाच हे का झाले? शाळेत तोंड कसे दाखवू?’ या प्रश्नांना गोळी उत्तर देत नाही. त्यासाठी तज्ज्ञाशी नियमित, मोकळेपणी बोलणे हवे. अमेरिकेत ३४ केंद्रांतील ४०४ रुग्णांचा अभ्यास झाला. एका गटाला औषधांबरोबर व्यक्तिगत मानसोपचार, कुटुंबाला मार्गदर्शन आणि शिक्षण-नोकरीसाठी साहाय्य मिळाले. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : नेहमीच्या उपचारांपेक्षा या गटाची सुधारणा अधिक झाली. उपचार लवकर सुरू झालेल्यांना तर विशेष लाभ झाला.

म्हणून आमचे मत असे, की संवाद हा उपचाराचाच भाग मानावा. शिक्षकांनी बुडालेला अभ्यास भरून काढण्यास सवड द्यावी. आणि तुम्ही? तो परतेल तेव्हा बाकावर त्याला पूर्वीसारखीच जागा करून द्या.