लुकलुकणाऱ्या दिव्याची कीर्द

पेढीवरचा व्यवहार त्याच दिवशी कीर्दीत चढतो. स्मरणावर विसंबून कोणी हिशेब मिळवीत नाही. घरच्या जुन्या मोटारीच्या बाबतीत मात्र हीच शिस्त आपण विसरतो. डॅशबोर्डवरचा दिवा मलकापूरच्या वाटेवर लागतो आणि गॅरेजपर्यंत पोहोचेतो विझतो. मेकॅनिकला काही आढळत नाही आणि आपण निश्चिंत होतो. वस्तुतः दिवा विझला म्हणजे दोष मिटला, असे नव्हे.

प्रथम रंग ओळखावा. पिवळा दिवा लवकर तपासणी करा असे सुचवितो. लाल दिवा सुरक्षित जागी तत्काळ थांबावयास सांगतो. तेलाच्या झारीचे लाल चिन्ह क्षणभर जरी लागले, तरी इंजिन बंद करावे. सपाट जागी काही मिनिटांनी पट्टी काढून तेलाची पातळी पाहावी. पातळी योग्य असूनही चिन्ह पुन्हा दिसले, तर दाबमापक लावून तेलाचा दाब मोजून घ्यावा. केवळ सेन्सर बिघडला असेल, असे मानून पुढे गेल्यास संपूर्ण इंजिन गमावण्याची वेळ येते.

दिवा केव्हा लागतो, यातच बहुधा कारण दडलेले असते. राजूर घाटाच्या उतारावर किंवा वळणावरच ब्रेकचा दिवा लुकलुकत असेल, तर टाकीतील ब्रेक ऑइल कमी होऊन हेलकावत असावे; त्यामागे झिजलेले ब्रेक पॅड अथवा गळती असू शकते. सीट पुढे-मागे केल्यावर एअरबॅगचा दिवा लागला, तर सीटखालची वायरजोडणी तपासावी. एकाच वेळी अनेक दिवे लुकलुकत असतील, तर बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंगची वायर आधी पाहावी. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. चालू असताना साधारणतः १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळावेत.

इंजिनचा पिवळा दिवा विझला, तरी त्याचा कोड संगणकात काही काळ टिकतो. १ एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज ४ लागू झाले. त्यानंतरच्या मोटारींत, आणि आधीच्याही अनेक गाड्यांत, स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट असते. तेथे स्कॅनर लावून कोड वाचावा व लिहून ठेवावा. न वाचता तो पुसणे म्हणजे कीर्दीचे पान फाडणे होय. कोड तक्रार सांगतो, दोषी भाग सांगत नाही. पी ०३०० हा कोड इंजिन मिसफायर झाल्याचे सांगतो. कारण प्लग, कॉइल, इंजेक्टर किंवा सैल वायर यांपैकी काहीही असू शकते. म्हणून तपासणीपूर्वी सुटे भाग बदलू नयेत.

जुनी गाडी घेतानाही एक दक्षता घ्यावी. चावी फिरविताच इशाऱ्याचे दिवे क्षणभर उजळले पाहिजेत. एखादा उजळलाच नाही, तर दोष लपविण्यासाठी तो निकामी केलेला असू शकतो.

गाडीत एक लहान वही ठेवावी. दिनांक, दिव्याचे चिन्ह, इंजिन थंड की तापलेले, वेग, चढ-उतार, पाऊस, एसी चालू की बंद, एवढे गाडी थांबल्यावर नोंदवावे. चार-पाच नोंदी खतावल्या की दोषाचे खाते आपोआप उघड होते. लाल दिव्यासाठी मात्र दुसऱ्या नोंदीची वाट पाहू नये.