वऱ्हाडचा कापूस आणि वऱ्हाडचा तरुण

२०२५ च्या ऑगस्टअखेर भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि जपानचे तत्कालीन पंतप्रधान शिगेरू इशिबा यांची टोकियोत भेट झाली. त्या भेटीत ठरलेल्या अनेक गोष्टींपैकी आगगाडी, अर्धवाहक आणि संरक्षण या विषयांची चर्चा पुष्कळ झाली. मनुष्यबळाच्या देवाणघेवाणीची त्यामानाने कमी. पाच वर्षांत दोन्ही देशांत मिळून पाच लाखांहून अधिक माणसांची ये-जा व्हावी आणि त्यांत भारतातून जपानला जाणारी पन्नास हजार कुशल वा कौशल्यक्षम माणसे असावीत, असे या योजनेचे उद्दिष्ट आहे. मुंबई-पुण्याच्या अभियंत्याला जपान नवा नाही. परंतु पदवी पदरात पडूनही अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तिसरी-चौथी वर्षे मोजणारा अमरावतीचा तरुण, किंवा कोरडवाहू सातबाऱ्यावर भावंडांची नावे वाढत गेलेल्या अकोल्याकडील घरातला मुलगा, यांच्या दृष्टीने ही बातमी साधी नाही. 'वर्षभर तरी जाऊन पाहावे' हा विचार आता वऱ्हाडातही रुजू लागणार. म्हणूनच त्याचा जमाखर्च भावनेने नव्हे, तर आकड्यांनी मांडून पाहणे अगत्याचे आहे.

गाठी गेल्या, भाव राहिला

वऱ्हाड आणि जपान यांचा संबंध आजचा नाही. मुंबईच्या कापूस बाजारात वऱ्हाडी कापसाला 'उमरा' हे नाव पडले, ते अमरावतीच्या नावावरूनच. हा कापूस आखूड धाग्याचा. लँकेशायरच्या गिरण्या त्याला नाक मुरडीत. जपानी गिरण्यांनी मात्र तो लांब धाग्याच्या कापसात मिसळून स्वस्त सूत काढण्याचे तंत्र बसविले आणि त्या स्वस्त सुताच्या बळावर आशियाच्या बाजारपेठा काबीज केल्या. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा आणि 'निप्पॉन युसेन कैशा' ही जपानी जहाज कंपनी यांनी मिळून मुंबई-कोबे अशी जलवाहतूक सुरू केली. त्या मार्गावर मक्तेदारी असलेल्या ब्रिटिश कंपनीने आपले दर पाडून नव्या जहाजांचा गळा आवळण्याचा प्रयत्न केला. पण जपानी गिरणीमालकांच्या संघाने आपला कापूस आपल्याच जहाजांतून आणण्याचा करार केलेला असल्यामुळे तो डाव साधला नाही. खरेदीदार संघटित होता, म्हणून तो टिकला. विकणारा शेतकरी विखुरलेला होता, म्हणून तो जेथल्या तेथे राहिला.

या विषम व्यवहाराचा कडू अनुभव १९३३ मध्ये आला. हिंदुस्थान सरकारने ब्रिटिशेतर कापडावरील जकात ७५ टक्क्यांपर्यंत चढविताच जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार पुकारला. सिमला व दिल्ली येथे महिनोन् महिने वाटाघाटी चालल्या आणि १९३४ च्या करारात कापूस व कापड यांची सांगड घालण्यात आली : जपानने दहा लाख गाठी कापूस घ्यावा आणि त्याबदल्यात ३२ कोटी ५० लाख वार कापड येथे विकावे, गाठी पंधरा लाखांपर्यंत वाढल्या तर कापड ४० कोटी वारांपर्यंत वाढावे. म्हणजे कच्चा माल येथून जायचा, पक्का माल येथे यायचा आणि दोहोंमधले मूल्य तिकडे राहायचे. वऱ्हाडच्या कापसाचा भाव ओसाका आणि सिमला यांच्या रस्सीखेचीवर लोंबकळत राहिला. काळ बदलला तरी ही जात बदललेली नाही. अमेरिकेच्या वाढीव आयातकराचा फटका कापडउद्योगाला बसू लागताच केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ केले आणि ती माफी पुढे वर्षअखेरपर्यंत वाढविली. निर्णयाची कारणे काहीही असोत. शेतकऱ्याच्या कापसाचा भाव पुन्हा एकदा दूर कोठेतरी ठरला.

आता कापसाऐवजी माणूस जाणार आहे. तो गाठीसारखा जाणार की गिऱ्हाईकाशी घासाघीस करू शकणाऱ्या व्यापाऱ्यासारखा, हा खरा प्रश्न आहे.

जे परत आले

जपानशी आलेल्या संबंधातून महाराष्ट्राला केवळ तोटाच झाला, असे मात्र म्हणता येणार नाही. टोकियोच्या महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती आली. त्या वाचनाने त्यांच्या मनातील कल्पनेला आकार दिला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले. येथे एक पुस्तिका पुरली, कारण ती वाचणाऱ्याजवळ स्वतःचा प्रश्न आधीच तयार होता. अमरावती जिल्ह्यातील पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख केंद्रात कृषिखाते सांभाळीत असताना १९५३ पासून जपानी पद्धतीच्या भातलागवडीची देशव्यापी मोहीम निघाली. गादीवाफ्यावरची रोपे, बियाणे कमी, ओळीतली लावणी, भरपूर खत आणि वेळेवर निंदणी, असा तो कार्यक्रम होता. खत आणि मजुरी यांचा भार न पेलल्यामुळे तो पुष्कळ ठिकाणी ओसरला, हे खरे. पण शेतीत ज्ञान हेही भांडवल असते, ही दृष्टी त्याने दिली. १९५५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विश्वधर्म व विश्वशांती परिषदेसाठी जपानला गेले. मोझरीच्या गुरुकुंजातून निघालेली खंजिरी तेथेही वाजली.

अलीकडचे उदाहरण योगेंद्र पुराणिक यांचे. विद्यार्थी म्हणून प्रथम जपानला गेलेले हे मराठी गृहस्थ पुढे तेथेच स्थायिक झाले, २०१२ मध्ये त्यांनी जपानी नागरिकत्व घेतले आणि २०१९ मध्ये ते टोकियोतील एडोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले. या यशाचे श्रेय त्यांच्या कर्तृत्वाला आहेच. पण ते जपानी भाषेलाही आहे. पुण्यात जपानी शिकविण्याची परंपरा सुमारे अर्धशतकाची आहे. वऱ्हाडच्या मुलाजवळ ती शिदोरी नाही आणि सारी मेख येथेच आहे.

जपानला माणसे का हवीत

जपानची निकड कृपेतून आलेली नाही, गरजेतून आलेली आहे. तेथील लोकसंख्येत पासष्ट वर्षांवरील माणसांचे प्रमाण २०२४ मध्ये २९ टक्क्यांच्या वर गेले. त्या वर्षी जपानी दांपत्यांच्या पोटी सात लाखांहूनही कमी मुले जन्मली. शेते ओस पडत आहेत, वृद्धांची शुश्रूषा करायला हात नाहीत, अन्नप्रक्रियेच्या कारखान्यांत पाळ्या भरत नाहीत. ही तूट भरून काढण्यासाठी १९९३ मध्ये 'तांत्रिक प्रशिक्षणार्थी' योजना सुरू झाली. विकसनशील देशांना कौशल्य द्यावे, हा तिचा जाहीर हेतू. स्वस्त मजूर मिळावा, हा व्यवहारातला हेतू. या योजनेत मालक बदलण्याची मुभा तत्त्वतः नव्हती. त्यामुळे एखादा मालक वाईट निघाला तर सोसणे किंवा पळून जाणे एवढेच दोन मार्ग उरत आणि दरवर्षी हजारो प्रशिक्षणार्थी दुसऱ्या मार्गाने जात. अखेर जपान सरकारच्याच तज्ज्ञमंडळाने २०२३ मध्ये ही योजना मोडीत काढावी अशी शिफारस केली. जून २०२४ मध्ये तसा कायदा झाला. त्याप्रमाणे एप्रिल २०२७ पासून नवी पद्धत अमलात यावयाची असून तीत एक ते दोन वर्षांनंतर भाषा व कौशल्य यांच्या अटी पुऱ्या करणाऱ्यास त्याच क्षेत्रात मालक बदलता येईल.

भारत या योजनेत ऑक्टोबर २०१७ च्या करारान्वये सामील झाला. त्याखेरीज एप्रिल २०१९ पासून 'विशिष्ट कुशल कामगार' हा दुसरा मार्ग खुला झाला आणि त्याविषयी भारताशी जानेवारी २०२१ मध्ये करार झाला. या मार्गात परीक्षा आधी द्यावी लागते, पण काम त्याच क्षेत्रात राहून बदलता येते. पहिल्या श्रेणीत मुक्काम एकूण पाच वर्षांचा आणि कुटुंब बरोबर नेता येत नाही. शेती आणि वृद्धशुश्रूषा ही दोन्ही क्षेत्रे त्यात आहेत. जाणाऱ्याने आपण कोणत्या दाराने आत शिरत आहोत, हे कळल्यावाचून सही करू नये. कारण एका दारातून बाहेर पडता येते, दुसऱ्यातून सहजी येत नाही.

पहिल्या वर्षाचा हिशेब

वेतनाचे आकडे मोहक वाटतात. २०२४ मध्ये जपानचे ताशी किमान वेतन सरासरी १,०५५ येन ठरले. परंतु सरासरीवर कोणी जगत नसते. टोकियोत हा दर १,१६३ येन होता, तर शेतीप्रधान अकिता प्रांतात ९५१. वऱ्हाडचा तरुण टोकियोच्या झगमगाटात जाण्यापेक्षा अशा प्रांतात जाण्याचाच संभव अधिक. रोज आठ तास आणि महिन्याला बावीस दिवस धरले तर अकिताच्या दराने महिन्याची कमाई सुमारे १ लाख ६७ हजार येन भरते. येनचा भाव ५७ पैसे धरल्यास हे पंचाण्णव हजार रुपये झाले. यातून आरोग्यविमा, निवृत्तिवेतनाची वर्गणी, प्राप्तिकर आणि खोलीभाडे वजा जाते. मग डाळ-तांदळाचा खर्च. आणि तोही जेथे तूरडाळ हा परदेशी जिन्नस आहे अशा देशातला. रुपयांत गुणाकार करताना खर्चही येनमध्येच होणार, हे विसरले जाते.

दुसरी बाब चलनाची. २०२१ च्या आरंभी येन सुमारे सत्तर पैशांना होता; जुलै २०२४ मध्ये तो बावन्न पैशांच्या आसपास उतरला. म्हणजे कर्ज रुपयांत आणि कमाई येनमध्ये असणाऱ्या माणसाच्या हातून त्याचा कसलाही दोष नसताना कमाईचा चौथा हिस्सा निसटला. परदेशी जाण्यासाठी शेत गहाण टाकणाऱ्या बापाला विनिमयदराची ही जोखीम कोणी समजावून सांगत नाही. विमाहप्ता, पेरणी आणि पाऊस यांचा जुगार खेळणाऱ्या घराने त्यात आणखी एका जुगाराची भर घालावी काय?

तिसरी बाब हक्काच्या पैशाची. निवृत्तिवेतनाच्या वर्गणीपोटी वेतनाच्या सव्वानऊ टक्क्यांच्या आसपास कामगाराकडून कापले जातात. वरील वेतनावर वर्षभरात ही रक्कम एक लाख रुपयांच्या घरात जाते. निदान सहा महिने वर्गणी भरलेल्या परदेशी माणसाने जपान सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज केल्यास यापोटी एकरकमी परतावा मिळतो. त्यावर कर कापला जातो आणि त्या काळापुरता निवृत्तिवेतनाचा हक्क संपतो. पण ज्याला जपानी फॉर्म वाचता येत नाही आणि ज्याला कोणी सांगितले नाही, त्याच्या लेखी हा नियम नसल्यासारखाच.

पहिले वर्ष हे अशा रीतीने कर्ज फेडण्याचे वर्ष ठरते. नव्या गावी पोहोचल्यापासून चौदा दिवसांच्या आत नगरकचेरीत पत्ता नोंदविणे, कचऱ्याचे वार पाळणे, थंडीत पहाटे कामाला उभे राहणे, वरिष्ठाचा एक शब्द न समजल्यामुळे चारदा वाकून क्षमा मागणे हे त्या वर्षाचे पाठ. ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही तो हे पाठ शिकतो. ज्याच्या डोक्यावर आहे तो फक्त दिवस मोजतो आणि वाईट मालकासमोरही मान खाली घालतो. म्हणून कर्ज हा केवळ पैशाचा प्रश्न नव्हे. तो स्वातंत्र्याचा प्रश्न आहे.

करावयाचे काय

'तरुण परदेशी गेले तर गावे ओस पडतील' हा आक्षेप प्रामाणिक असला तरी अपुरा आहे. गावात काम नसताना गावात राहा म्हणणे हे उपदेश करणाऱ्याला सोपे असते. उलट 'जपान म्हणजे सुटका' असे सांगणारेही तितकेच बेजबाबदार. या दोहोंच्या मध्ये करण्याजोग्या काही गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट भाषेची. अमरावती विद्यापीठ १९८३ पासून उभे आहे. अकोल्यास पंजाबरावांच्याच नावाचे कृषी विद्यापीठ १९६९ पासून. या दोन संस्थांनी मिळून परवडणाऱ्या शुल्कात दोन वर्षांचा संध्याकाळचा जपानी अभ्यासक्रम चालविला, तर दलालाच्या सहा महिन्यांच्या वर्गासाठी कर्ज काढावे लागणार नाही. भाषा येणारा माणूस करार वाचतो, तक्रार करतो आणि नव्या कायद्याने दिलेला मालक बदलण्याचा हक्कही वापरू शकतो. कारण त्या हक्कालाच भाषेची अट आहे.

दुसरी गोष्ट दलालीची. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालील नियमांनी नोंदणीकृत भरती-एजंटाच्या सेवाशुल्काला तीस हजार रुपये व त्यावरील कर अशी मर्यादा घातली. प्रशिक्षणार्थी पाठविणाऱ्या संस्थांवर राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळाची देखरेख ठेवण्यात आली. परंतु नियम दिल्लीत आणि फसवणूक तालुक्यात, अशी स्थिती असेल तर त्याचा उपयोग काय? मान्यताप्राप्त संस्थांची यादी, ठरलेले शुल्क आणि कराराचा मराठी तर्जुमा या तीन गोष्टी जिल्हा रोजगार केंद्राच्या फलकावर लावण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट परतीची, आणि तीच सर्वांत दुर्लक्षित. जपानी शेतावर तीन वर्षे काम केलेला मुलगा परत येईल तेव्हा त्याला प्रतवारी, शीतसाखळी, सहकारी विक्री यांतले काही ठाऊक असेल. ते ज्ञान वापरण्याची जागा येथे नसेल तर तो आणलेल्या पैशांतून घर बांधील, मोटारसायकल घेईल आणि पुन्हा जाण्याच्या रांगेत उभा राहील. कृषी विद्यापीठाने अशा परतणाऱ्यांची नोंद ठेवावी, शेतकरी उत्पादक कंपन्यांनी त्यांना कामात घ्यावे, बँकांनी त्यांच्या बचतीला जोडून कर्ज द्यावे. कर्व्यांना एका पुस्तिकेतून विद्यापीठ दिसले, कारण त्यांचा प्रश्न तयार होता. वऱ्हाडनेही आपला प्रश्न आधी तयार ठेवला पाहिजे.

शंभर वर्षांपूर्वी येथून निघालेली गाठ मुंबईच्या बंदरात कोणाच्या भावाने चढली, हे ती गाठ विचारू शकत नव्हती. आज जाणारा तरुण विचारू शकतो. विचारण्याइतकी भाषा, कायद्याची माहिती आणि कर्जापासून मोकळीक त्याला मिळवून देणे, हे जपानचे काम नव्हे. ते अमरावती-अकोल्याचे काम आहे.