स्मार्ट टीव्ही: परवाना मोकळा, पण चाचणीचे काय?

भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२५मध्ये 'गूगल'बरोबरच्या तडजोडीला मान्यता दिली, तेव्हा चर्चा झाली ती प्रामुख्याने २० कोटी २४ लाख रुपयांच्या रकमेची. 'गूगल'सारख्या कंपनीच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळच. तडजोडीचे खरे महत्त्व तिच्या अटींत आहे. घरातील टीव्हीवर कोणते ॲप आधीपासून असावे, हे एकाच कंपनीने ठरवू नये, हा त्या अटींचा हेतू. मात्र करारातला अडसर निघाला म्हणजे बाजारपेठ खुली झाली, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. ॲप बनविणाऱ्यांपुढचा दुसरा अडसर तेवढाच मोठा आहे. तो आहे चाचणीच्या खर्चाचा.

या प्रकरणाची चौकशी जून २०२१मध्ये सुरू झाली. 'अँड्रॉइड टीव्ही' प्रणाली वापरणाऱ्या उत्पादकाला 'गूगल'ची सर्व ॲप एकगठ्ठा बसवावी लागत. शिवाय अँड्रॉइडची स्वतंत्र आवृत्ती असलेली उपकरणे बनविणार नाही, अशी हमीही द्यावी लागे. तडजोडीनुसार भारतातील संचांसाठी 'प्ले स्टोअर' आणि त्याच्या पूरक सेवांचा परवाना आता शुल्क देऊन स्वतंत्रपणे घेता येतो. 'गूगल'ची ॲप नसलेला संच बनविणाऱ्यावर जुन्या हमीचे बंधनही राहिलेले नाही. कागदावर ही मोकळीक निश्चितच स्वागतार्ह आहे.

अडचण सुरू होते ती ॲप प्रत्यक्ष पडद्यावर आणताना. मोबाइलसाठी ॲप बनविणाऱ्याला अँड्रॉइड आणि आयओएस या दोनच प्रणालींचा विचार करावा लागतो. टीव्हीचे तसे नाही. 'सॅमसंग'ची टायझन, 'एलजी'ची वेबओएस, 'गूगल'ची अँड्रॉइड टीव्ही, 'ॲमेझॉन'ची फायर टीव्ही, 'हायसेन्स'ची विडा, अमेरिकेत लोकप्रिय असलेली रोकू अशी ही यादी लांबत जाते. 'रोकू'साठी तर 'ब्राइटस्क्रिप्ट' ही स्वतंत्र संगणकीय भाषाच शिकावी लागते. फेब्रुवारी २०२५मध्ये 'जिओ टेले ओएस'ची भर पडली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'ॲमेझॉन'ने अँड्रॉइडवर न बेतलेल्या 'वेगा' प्रणालीचे पहिले टीव्ही उपकरण जाहीर केले. जुन्या फायर टीव्हीसाठी लिहिलेले ॲप त्यावर जसेच्या तसे बसत नाही.

टीव्हीच्या दीर्घायुष्यामुळे हा गुंता आणखी वाढतो. मोबाइल काही वर्षांत बदलला जातो. टीव्ही मात्र सात-आठ वर्षे सहज भिंतीवर राहतो. टायझन आणि वेबओएसवरील बहुतेक ॲप ही मुळात वेब-पाने असतात आणि ती संचातील ब्राउझरवर चालतात. 'सॅमसंग'च्या २०१७च्या संचांत क्रोमियम ब्राउझरची ४७वी आवृत्ती आहे. ती २०१५च्या अखेरची. 'एलजी'च्या त्याच वर्षीच्या संचांत ३८वी, म्हणजे २०१४ची आवृत्ती आहे. आज नव्याने ॲप लिहिणाऱ्याला हे ग्राहक गमवायचे नसतील, तर दशकभरापूर्वीच्या ब्राउझरला समजेल अशा भाषेतच लिहावे लागते.

संगणकावर टीव्हीचा आभास निर्माण करणारी साधने कंपन्या पुरवितात. प्राथमिक तपासणीसाठी ती ठीक आहेत. परंतु खऱ्या संचातील तुटपुंजी स्मृती, चित्रफीत उलगडणारी चिप आणि चोरीपासून संरक्षण देणारी कुलूप-व्यवस्था यांची परीक्षा तेथे होत नाही. दोन तास चित्रपट चालल्यावर ॲप कोलमडते का, वीज जाऊन आल्यावर ते कोठून सुरू होते, रिमोटच्या चार बाणांनी प्रत्येक बटणापर्यंत पोहोचता येते का, दहा फुटांवरून अक्षरे वाचता येतात का, मराठी उपशीर्षकांतील जोडाक्षरे तुटतात का, हे पाहायला खरा टीव्हीच लागतो. एक नव्हे, तर प्रत्येक कंपनीचा आणि शक्यतो प्रत्येक वर्षाचा. एवढे करून प्रत्येक कंपनीच्या ॲप-दुकानाची मान्यता वेगळी मिळवावी लागते ती लागतेच.

बड्या कंपन्यांना हा खर्च पेलतो. पण त्यांचाही हात कधीतरी आखडता होतो. डिसेंबर २०१९मध्ये 'नेटफ्लिक्स'ने तांत्रिक मर्यादांचे कारण देऊन 'सॅमसंग'च्या काही जुन्या संचांवरील सेवा थांबविली. पडदा धडधाकट, पण ॲप निकामी, अशी त्या ग्राहकांची अवस्था झाली. जिथे मोठ्यांची ही गत, तिथे मर्यादित वर्गणीदारांवर चालणाऱ्या मराठी किंवा अन्य प्रादेशिक सेवेने काय करावे? एक-दोन प्रणाली निवडाव्यात आणि उरलेल्या प्रेक्षकांना मोबाइलवर पाहायला सांगावे, एवढेच तिच्या हाती राहते.

तडजोडीतील विरोधाभास येथेच आहे. अँड्रॉइडच्या एकसारखेपणाची सक्ती स्पर्धेला मारक होती, हे खरे. पण त्या एकसारखेपणामुळे एका संचावर तपासलेले ॲप दुसऱ्यावर चालण्याची शक्यताही वाढत होती. उद्या प्रत्येक उत्पादकाने अँड्रॉइडची आपापली आवृत्ती काढली, तर चाचणीचा बोजा आणखी वाढेल आणि छोट्या सेवा पुन्हा सर्वांत मोठ्या प्रणालीच्याच आश्रयाला जातील. ज्या वर्चस्वाला आळा घालायचा, तेच मागच्या दाराने परत येण्याचा हा धोका आहे. म्हणून आयोगाचा निर्णय चुकीचा ठरत नाही. तो अपुरा मात्र ठरतो.

उणीव भरून काढणे अशक्य नाही. युरोपात प्रसारण आणि इंटरनेट यांची सांगड घालणारे 'एचबीबीटीव्ही' हे सामाईक मानक अनेक कंपन्या पाळतात. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४पासून स्मार्ट टीव्हीसह इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या उपकरणांना किमान किती काळ सुरक्षा-अद्यतने मिळणार, हे उत्पादकाला जाहीर करावे लागते. 'सॅमसंग'ने २०२४च्या संचांसाठी सात वर्षे प्रणाली अद्ययावत ठेवण्याचे, तर 'एलजी'ने पाच वर्षांत चार नव्या आवृत्त्या देण्याचे आश्वासन दिले आहे. हे उत्पादकांच्या मर्जीवर न सोडता नियमाचा भाग व्हायला हवे. टीव्ही घेताना ग्राहक वीजबचतीचे तारे पाहतो. त्यांच्या शेजारी 'या संचाची प्रणाली अमुक वर्षापर्यंत अद्ययावत राहील' एवढी ओळ छापणे अवघड नाही. तिचा ग्राहकाला उपयोग होईलच. शिवाय किती जुन्या संचांवर चाचणी करायची, याचा हिशेब छोट्या ॲप-निर्मात्यालाही आधीच मांडता येईल.