मनोविकार, एच्.आय्.व्ही. आणि घरांतील मौन

घरांत कोणास तीव्र मनोविकार जडला म्हणजे त्याच्या जेवणाची, झोपेची, औषधाच्या वेळांची चौकशी सर्वजण करतात. परंतु त्यासहि कामवासना आहे, व त्या वाटेनें एच्.आय्.व्ही.ची बाधा होऊं शकते, हा विषय मात्र वर्ज्य ठरतो. हें मौन आम्हांस फार धोक्याचें वाटतें.

रोग्याच्या स्वैर वर्तनानेंच ही बाधा होते, अशी समजूत आहे. उन्मादाच्या भरांत विवेक सुटतो, हें खरें. पण तें अर्धेंच सत्य होय. डॉ. प्रभा चंद्र व त्यांचे सहकारी यांनीं दक्षिण भारतांतील मनोरुग्णालयांत दाखल झालेल्या १४६ स्त्रियांची विचारपूस करून २००३ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांपैकीं ५० जणींनीं आपणांवर लैंगिक बळजबरी झाल्याचें सांगितलें. बळजबरी करणारांत सर्वांत अधिक उल्लेख होता तो नवऱ्याचा अथवा जवळच्या पुरुषाचा! आणि या ५० पैकीं ३० जणींनीं ही गोष्ट तोंवर कोणासहि सांगितली नव्हती. सांगणार तरी कोणास? वेडीचें बोलणें म्हणून तें उडवून लावण्यास घर तयारच असतें. 'लग्न झालें कीं बरी होईल' असें म्हणून मुलीस उजवून टाकणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं हे आंकडे पुनः एकदां वाचावेत.

कांहीं घरांत नसबंदीचा विचार निघतो. तिनें गर्भ टळेल, विषाणु टळत नाहीं. शिवाय मनोविकारावरील उपाय म्हणून ती करण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें मनाई आहे. त्यापेक्षां रोगी शांत असतांना विश्वासाच्या माणसानें त्यास एकांतांत स्पष्ट विचारावें, निरोधचा उपयोग समजावून द्यावा, व त्याच्या संमतीनें रक्त तपासून घ्यावें. बळजबरी झाल्याचें कळल्यास ७२ तासांच्या आंत रुग्णालय गांठावें. प्रतिबंधक औषध २८ दिवस घ्यावें लागतें, आणि जितक्या लवकर सुरू होईल तितकें बरें.

बाधा झालीच तर नियमित औषधानें रक्तांतील विषाणु तपासणींत न सांपडण्याइतका घटतो, व तसा तो राहिला म्हणजे समागमानें दुसऱ्यास जात नाहीं. मात्र मनोविकारांत व अपस्मारांत देण्यांत येणारें कार्बामाझेपीन हें डोल्यूटेग्राव्हिर या एच्.आय्.व्ही.वरील औषधाचें रक्तांतील प्रमाण उतरवितें. म्हणून लाजेस्तव एका डॉक्टरापासून दुसऱ्याचें औषध लपवूं नये. दोन्ही चिठ्ठ्या दोघांनाहि दाखवाव्या. मात्रा किंवा औषध बदलतां येतें.