हिरवा पेला, पांढरा फेस

डब्लिनमध्ये राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे पत्र फेब्रुवारीत आले. सासू-सासरे सहा महिन्यांसाठी तिच्याकडे गेले आहेत. सासऱ्यांचे वय ७८. मधुमेहाची गोळी, रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन आणि रात्री झोपेची अर्धी गोळी. १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या सणाला, शेजारी घरी येणार होते आणि तिचे यजमान हिरव्या रंगाचे, वर पांढरा फेस असलेले व्हिस्कीचे कॉकटेल करणार होते. ‘बाबांना एक पेला द्यावा का? नाही म्हटले तर ते काही बोलणार नाहीत, पण खोलीत जाऊन बसतील,’ असे तिने लिहिले होते. या शेवटच्या वाक्यासाठीच हा विषय आज घेतला आहे.

प्रथम त्या पेयाविषयी. ‘व्हिस्की सावर’ हे जुने पेय. जेरी थॉमस या अमेरिकन मद्यमिश्रकाच्या १८६२ सालच्या पुस्तकातही ‘सावर’ प्रकारच्या पेयांच्या कृती आढळतात. सणाच्या हिरव्या पेल्यासाठी आयरिश व्हिस्की ४५ मिलि, हिरवे मेलन लिकर १५ मिलि, लिंबाचा रस २० मिलि, साखरेचा पाक १० मिलि आणि एका अंड्याचा पांढरा बलक घेतात. (व्हिस्की मुळात मधाच्या रंगाची असल्याने नुसत्या पुदिन्याने पेय शेवाळी दिसते, म्हणून ते लिकर.) हे सारे घट्ट झाकणाच्या भांड्यात आधी बर्फाशिवाय जोरजोराने हलवायचे, मग बर्फ घालून पुन्हा हलवायचे आणि गाळून पेल्यात ओतायचे. पांढऱ्या बलकात सुमारे नव्वद टक्के पाणी आणि उरलेली बहुतेक प्रथिने असतात. हलवताना प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती पातळ पडदा धरतात. लिंबाच्या आम्लाने तो पडदा अधिक टिकतो. ताक घुसळताना वर येणारा फेस क्षणात विरतो, हा मात्र मिनिटामिनिटाने घट्ट होत जातो.

आता बलक कच्चा असतो, ही पहिली अडचण. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जंतूंची बाधा होऊ शकते. तरुणास काही दिवसांचे जुलाब होऊन ती निभावते. वृद्धांना त्यातून होणारा पाण्याचा ऱ्हास थेट रुग्णालयात नेऊ शकतो. व्हिस्कीने जंतू मरतात हा समज खोटा आहे. पेल्यातील सौम्य झालेल्या मद्याला तेवढ्या मिनिटांत ते साधत नाही. ब्रिटनमध्ये २०१७ पासून ‘लायन’ शिक्क्याची अंडी वृद्धांनाही कच्ची चालतील असा अधिकृत सल्ला आहे, परंतु तो त्या शिक्क्यापुरताच. आपल्याकडच्या दुकानातील सुट्या अंड्यांना तो लावू नये. पाश्चराइज्ड बलक मिळत असेल तर तो वापरावा.

दुसरी अडचण मोठी. वरील पेल्यात सुमारे १६ ते १७ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. आयर्लंडमध्ये एक प्रमाणित माप १० ग्रॅमचे धरतात. वयाबरोबर शरीरातील पाण्याचा अंश घटतो, त्यामुळे चाळिशीत न जाणवणारा तोच पेला अठ्ठ्याहत्तरीत रक्तात अधिक चढतो. झोपेच्या गोळीशी त्याची सांगड पडली तर गुंगी वाढते आणि श्वास मंदावू शकतो. वॉरफरिन घेणाऱ्याचा रात्री स्वच्छतागृहाकडे जाताना तोल गेला, तर डोक्याला लागलेला साधा मारही जिवावर बेतू शकतो. मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर, विशेषतः पोट रिकामे असता, साखर एकाएकी उतरते. तेव्हा हात थरथरतात, बोलणे अडखळते, झोक जातो; आणि घरची माणसे ‘चढली असेल’ म्हणून हसतात. काळजीवाहकांनी हे एवढे ध्यानात ठेवावे: अशा वेळी आधी साखर तपासावी. ‘आज पेला घेतला, मग गोळी नको’ हा हिशोबही कोणी स्वतःच्या मनाने करू नये.

म्हणून मी तिला ‘बाबांना तो पेला नको’ असे स्पष्ट कळवले आणि सोबत दुसरी कृती पाठवली. काबुली चणे मीठ न घालता शिजवावेत व त्यांचे दाटसर पाणी गार करावे. या पाण्याला बलकासारखा फेस येतो, हे जोएल रोसेल या फ्रेंच गृहस्थाने २०१४ साली जगापुढे आणले. असे पाणी ३० मिलि, काकडीचा गाळलेला रस ६० मिलि, लिंबाचा रस २० मिलि, पुदिन्याची सहा-सात ठेचलेली पाने आणि पाक केवळ एक चहाचा चमचा. हलवण्याची रीत तीच. व्हिस्की नसल्यामुळे रंगही सुरेख हिरवा उतरतो. मात्र पेला इतरांसारखाच असावा. वृद्धांना स्टीलच्या भांड्यात वेगळे सरबत देऊ नये.

मार्चअखेर तिचे उत्तर आले. पेले उचलताना शेजाऱ्यांनी ‘स्लॉन्चा’ म्हटले. त्याचा अर्थ ‘आरोग्य’ आणि व्हिस्की या शब्दाच्या मुळाशी ‘जीवनाचे पाणी’ असा आयरिश शब्द आहे, हे ऐकून सासरे म्हणाले, ‘आमच्याकडे जीवन म्हणजेच पाणी!’ चण्याच्या पाण्याचे तीन पेले त्यांनी स्वतः हलवून केले, त्यातला एक शेजारणीने मागून घेतला. चौथ्याला दंड दुखू लागला, तेव्हा बाटली मुलाच्या हाती दिली.